कॉलरमागचं नाव

12 ऑगस्ट 2021. करोनाची दुसरी लाट ओसरत आली होती, लग्नं मोजक्या माणसांत उरकली जात होती, आणि देशभर असंख्य बायका (आणि बरेच पुरुषही) सकाळपासून फोनकडे डोळे लावून बसल्या होत्या. एचअँडएम या स्वीडिश कंपनीच्या दुकानांत आणि संकेतस्थळावर सब्यसाची मुखर्जी या कोलकात्याच्या डिझायनरचं 'वॉन्डरलस्ट' हे कलेक्शन यायचं होतं. मूळ मुहूर्त एप्रिल 2020 चा, तो साथीनं हुकला होता. त्यात एक साडीही होती. या कंपनीनं आजवर काढलेली पहिली साडी, किंमत 9,999 रुपये. ज्या माणसाच्या लेहंग्याची चौकशी करायची तर लाखांच्या भाषेत बोलावं लागतं, त्याची साडी दहा हजारांना एक रुपया कमी!

काही मिनिटांत खेळ आटोपला. कोणाची टोपली भरली पण पैसे भरेपर्यंत साडी उडाली, कोणाला साइट उघडेपर्यंत 'संपलं' अशी पाटी दिसली. दुपारपर्यंत या फजितीवरच्या विनोदांचा पाऊस पडला. पाठोपाठ तेच कपडे चढ्या भावात पुन्हा विकायला निघाले.

इथवरची गोष्ट जगात अनेकदा घडलेली आहे. आपल्याकडचा पुढचा भाग मात्र वेगळा झाला. दस्तकारी हाट समितीसह हस्तकला क्षेत्रातल्या अनेक संस्थांनी सब्यसाचींना जाहीर पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. कपड्यांवरची फुलं-पानं भारतीय छपाईच्या परंपरेतली, सांगानेरची आठवण करून देणारी. पण छपाई डिजिटल, कारखान्यातली. कारागिराचा हात त्याला लागलेला नाही. जगभर पोचणाऱ्या एवढ्या मोठ्या दुकानातून 'भारतात हातानं बनवलेलं' असं सांगायची संधी आली होती आणि ती वाया गेली. सब्यसाचींनी उत्तर दिलं. हातकामाची जपणूक आपल्या मूळ लेबलखाली चालूच आहे, या कलेक्शनचा हेतू भारतीय डिझाइन जगाच्या बाजारात नेऊन ठेवणं हा होता, असा त्यांचा सूर होता.

वाद काही काळ रंगला आणि विरला. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी तथ्य होतं. पण साडी मिळवणाऱ्या बाईनं त्या पैशांत नेमकं काय घेतलं, हे कोणी फारसं विचारलं नाही.

त्यासाठी आधी सांगानेरला जावं लागतं. जयपूरला अगदी लागून असलेलं हे गाव. इथल्या ठसेछपाईला भौगोलिक मानांकन आहे. लांबलचक टेबलावर पांढरं कापड ताणून पिनांनी बसवलेलं असतं. छपाईवाला आधी 'रेख'चा ठसा उचलतो, म्हणजे फुलाची बाह्यरेषा. रंगाच्या गादीवर तो टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि मुठीनं वरून एक ठोसा द्यायचा. मग रंगागणिक 'दत्त'चे ठसे, पाकळीसाठी वेगळा, पानासाठी वेगळा. एका लहानशा बुट्टीसाठी तीन-चार ठसे सहज लागतात, आणि प्रत्येक आधीच्या रेषेत नेमका बसवायचा असतो. ठशाच्या कडेला एक बारीकसं टिंब असतं, त्याच्या अंदाजानं पुढचा ठसा ठेवला जातो. तरी कुठे केसभर सरकतोच. पाकळीचा गुलाबी रंग रेषेबाहेर किंचित डोकावतो, एक बुट्टी गडद उमटते, शेजारची फिकी. साडीभर हे असं शेकडो वेळा.

डिजिटल यंत्राला यातलं काही करावं लागत नाही. चित्र संगणकातून थेट कापडावर उतरतं, पहिली बुट्टी आणि पाचशेवी बुट्टी तंतोतंत सारखी. वाटल्यास थोडीशी चूकही मुद्दाम चित्रात घालता येते. पण तीच चूक ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येते, आणि बारकाईनं पाहणाऱ्याला कळते.

सब्यसाचींचं नाव कशावर उभं आहे? हातावर. भरतकाम, जरदोजी, ठसेछपाई, जुन्या विणी, हे सगळं एका कपड्यात दाटून आणण्यावर. 9,999 च्या साडीत उतरू शकलं ते त्या कामाचं छायाचित्र. छायाचित्र सुंदर असू शकतं, नाही असं नाही. पण लग्नाच्या अल्बमला कोणी लग्न म्हणत नाही.

आता बड्या नावांच्या स्वस्त कलेक्शनांच्या या धंद्याचा इतिहास थोडक्यात, कारण त्यातली माणसं मजेदार आहेत. 1983 मध्ये हॅल्स्टन या बड्या अमेरिकन डिझायनरनं जेसीपेनी या मध्यमवर्गीयांच्या दुकानसाखळीशी करार केला. परिणाम काय? न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन या उंची दुकानानं त्याचे कपडे मांडणीतून काढून टाकले. पुढे स्वतःच्या नावानं कपडे करायचा हक्कही त्याच्याकडे राहिला नाही. स्वस्तात उतरणं म्हणजे तेव्हा अधःपतन होतं. 12 नोव्हेंबर 2004 ला कार्ल लागरफेल्डचं कलेक्शन एचअँडएममध्ये आलं तेव्हा मात्र तोच मान झाला. शनेलचा सर्वेसर्वा लोकांच्या दुकानात! कपडे काही तासांत संपले. आणि लागरफेल्ड उलट कंपनीवरच जाहीरपणे उखडले. एक, माल फार थोडा काढला. दोन, बारीक अंगकाठीसाठी काढलेले कपडे मोठ्या मापांत शिवले. पहिली तक्रार समजू शकते. दुसरी ऐकून लोकांसाठी कपडे करायला निघालेल्या गृहस्थांना लोक कसे दिसतात हे ठाऊक तरी होतं का, असा प्रश्न पडतो.

मधल्या वीस वर्षांत काय बदललं? उंची घराण्यांची खरी कमाई आता गाऊनवर उरली नव्हती. अत्तर, गॉगल, पर्स यांवर त्यांचा संसार चालत होता, आणि ते खपवायचे तर नाव लाखो लोकांच्या तोंडी असावं लागतं. स्वस्त कलेक्शन ही त्या नावाची जाहिरात, तीही अशी की गिऱ्हाईक स्वतः पैसे देऊन ती अंगावर मिरवतं. दुकानालाही फायदा. रांग लागते, बातमी होते, आणि डिझायनरचा कोट न मिळालेली माणसं हात हलवत परत न जाता साधे टीशर्ट आणि मोजे घेऊन जातात. आवळा देऊन कोहळा काढणं ते हेच. माल भरपूर काढला तर या गणितातली जान जाते. म्हणून एकच दिवस, हातात वेळेचा पट्टा, माणशी ठरावीक नग. अमेरिकेत टार्गेटनं 13 सप्टेंबर 2011 ला मिसोनी या इटालियन घराण्याचे नागमोडी पट्ट्यांचे कपडे काढले तेव्हा कंपनीचं संकेतस्थळ दिवसातला बराच वेळ आडवं झालं होतं. त्याच टार्गेटनं 2003 पासून आयझॅक मिझराहीला हाताशी धरलं, तो प्रकार वेगळा आणि शहाणपणाचा. मिझराहीचं स्वतःचं दुकान 1998 मध्ये बंद पडलं होतं. टार्गेटसाठी तो पुढची काही वर्षं सातत्यानं कपडे करत राहिला, एका दिवसाची जत्रा भरवली नाही. त्याची कारकीर्द त्यातून पुन्हा उभी राहिली.

या सगळ्या कलेक्शनांकडे बघताना माझी एक साधी कसोटी तयार झाली आहे. डिझायनरची कल्पना राहते कुठे? कापात असेल, छापात असेल, तर ती स्वस्तात बऱ्यापैकी शाबूत उतरते. हातात असेल तर उतरत नाही.

जिल सँडरचं उदाहरण घ्या. या जर्मन बाईंची सारी करामत कापात. खांद्याची शिवण कुठे पडते, कॉलर किती उभी राहते, बाही मुंढ्यात कशी बसते, यात. 2009 मध्ये युनिक्लो या जपानी दुकानसाखळीनं त्यांच्याकडून '+जे' ही मालिका करून घेतली. कागदावरचा कटिंगचा नमुना एकदा बिनचूक तयार झाला की तो पाचशे शर्टांना लागतो तसाच पाच लाखांनाही लागतो, कापड थोडं हलकं असलं तरी शर्ट बिघडत नाही. मारिमेक्को या फिनिश कंपनीची ठसठशीत फुलं छापातली, त्यामुळे युनिक्लोच्या साध्या सुती झग्यावरही ती मारिमेक्कोचीच दिसली. मार्टिन मार्जिएलाच्या जुन्या कपड्यांच्या नव्या आवृत्त्या एचअँडएमनं 2012 मध्ये काढल्या. त्यातला रजईसारखा कोट मुळात रजईच असल्यामुळे स्वस्त झाला म्हणून त्याचं काही गेलं नाही.

आपल्याकडे या कसोटीला मसाबा गुप्ता छान उतरते. मुंबईच्या एसएनडीटीत शिकलेली ही मुलगी 2012 मध्ये सत्या पॉल या साड्यांच्या ब्रँडची फॅशन डायरेक्टर झाली, आणि तिची ओळखच साडीवर छापलेले कॅमेरे, गायी अशा चित्रांची. छापील कल्पना छापील किमतीत देता येते. उलट, अंगभर जरदोजी असलेल्या नावाकडून चार हजारांत काही मागणं म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

ही सगळी उतरंड एका फेरफटक्यात पाहायची असेल तर मुंबईचा फोर्ट भाग गाठावा. सुरुवात महात्मा गांधी रस्त्यावरच्या फॅशन स्ट्रीटपासून. 'एक्स्पोर्ट सरप्लस' म्हणून टांगलेल्या शर्टांत खरोखरचा निर्यातीचा माल किती आणि नुसतं लेबल किती, हे विक्रेत्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. इथे भाव निम्म्यावरून सुरू करायचा असतो हे मुंबईतल्या कॉलेजच्या पोरींना कोणी शिकवावं लागत नाही. तिथून दक्षिणेला हुतात्मा चौकात आलं की इस्माईल बिल्डिंग लागते. 2017 मध्ये या जुन्या, देखण्या इमारतीत झारा आलं, मजल्यांवर मजले, आणि कितीतरी लोक कपड्यांपेक्षा आतले जिने-खिडक्या बघायला जात. 2025 मध्ये झारानं जागा सोडली. ती घेतली ती अनेक भारतीय डिझायनरांचे महागडे कपडे एका छताखाली विकणाऱ्या कंपनीनं. परदेशी 'परवडणारी फॅशन' बाहेर, देशी न परवडणारी आत! लग्नसराईचा पैसा कुठे वळतो आहे हे समजायला एवढं पुरे.

वीर नरिमन रस्त्यानं पाच मिनिटं पूर्वेला चाललं की हॉर्निमन सर्कल. इथे 2023 पासून सब्यसाचींचं पंचवीसेक हजार चौरस फुटांचं दालन आहे, एका जुन्या बँकेच्या इमारतीत. झुंबरं, गालिचे, जुनी चित्रं. आत शिरायला पैसे पडत नाहीत. ज्यांना एचअँडएमची साडी मिळाली नाही त्यांनी इथे येऊन खरं काम जवळून बघावं, असं मी मनापासून सुचवेन. पदराच्या उलट बाजूला टाके कसे बसलेत ते एकदा पाहिलं की डोळा तयार होतो, आणि तयार डोळा पुढे कितीतरी पैसे वाचवतो.

तिथून शहीद भगतसिंग मार्गानं दक्षिणेला लायन गेटपर्यंत आलात की आँसाम्ब्ल. तरुण ताहिलियानी आणि मंडळींनी 1987 मध्ये इथे दुकान काढलं, देशातलं अनेक डिझायनरांचे कपडे एकत्र विकणारं पहिलं दुकान. त्याआधी आपल्याकडे शिंपी होते, साडीची दुकानं होती, पण 'डिझायनर' हा दुकानात भेटणारा माणूस नव्हता. त्याच ताहिलियानींनी 2021 च्या अखेरीस आदित्य बिर्ला समूहाबरोबर 'तस्वा' हा पुरुषांच्या लग्नाकार्याच्या कपड्यांचा ब्रँड सुरू केला. कुडते, बंडी, शेरवानी, नवरदेवाच्या मामालाही परवडावेत अशा भावात. याची फारशी बातमी झाली नाही, साइट कोसळली नाही, कोणी रांगेत भांडलं नाही. दुकान रोज उघडं असतं आणि माप मागवून देतात. माझ्या मते परवडणारं डिझायनर म्हणावं ते हे.

आता प्रत्यक्ष कपडा. गिरगावात चाळीतल्या खोलीत ब्लाउज शिवणाऱ्या एक काकू आहेत. त्यांना घेऊन मी मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथे एका डिझायनरच्या नावाचा वेगळा स्टँड लावला होता. काकूंनी कपडा समोरून पाहिलाच नाही. हँगरवरून काढला आणि सरळ उलटा केला.

"अगं, माया बघ केवढीशी," त्या म्हणाल्या. कडेच्या शिवणीत जेमतेम नखाएवढं कापड सोडलं होतं, तेही इंटरलॉक करून कापलेलं. म्हणजे उद्या कंबर दोन इंच वाढली तर हा ड्रेस सैल करायची सोय नाही. मग अस्तर. कमरेपर्यंत होतं, खाली नाही. पुढच्या भागावरची वेल कडेच्या शिवणीशी येऊन तुटत होती, मागच्या भागावर तिचा पत्ता नव्हता. "वेल जुळवायची तर कापड वाया जातं ना," काकू म्हणाल्या. चेनची टोकं प्लास्टिकची. गळ्याशी मात्र पट्टी सुरेख बसली होती, आतून दुहेरी टीप. काकूंनी तिथे बोट ठेवून मान डोलावली. गळा हँगरवर दिसतो, आरशात दिसतो, फोटोत दिसतो.

बाजूच्याच स्टँडवर त्याच डिझायनरचा एक छापील सुती शर्ट होता. कापड बरं, काजं घट्ट, खिशावरची नक्षी शर्टाच्या नक्षीशी बिनचूक जुळलेली. किंमत ड्रेसच्या निम्मी. काकूंच्या हिशेबी तो शर्ट घेण्यासारखा होता, ड्रेस ठेवून देण्यासारखा.

"माया ठेवायला यांना काय धाड भरते हो, काकू?" मी विचारलं.

"शंभर ड्रेसला अर्धा अर्धा इंच धर. किती मीटर होतं बघ."

अर्ध्या इंचाच्या काटकसरीला हल्ली करानंही हातभार लावला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यावर 18 टक्के. करापूर्वीची किंमत 2,500 असेल तर गिऱ्हाईक 2,625 रुपये देतं. कंपनीनं शंभर रुपयांचं बरं अस्तर घालून तीच किंमत 2,600 केली, तर गिऱ्हाइकाला द्यावे लागतात 3,068. शंभराच्या अस्तरासाठी साडेचारशेच्या घरात! मग अस्तर कमरेशी थांबलं यात नवल काय? रेषेच्या अलीकडे राहायचं तर काहीतरी गळणारच, आणि गळतं ते आतल्या बाजूचं.

माप हा या प्रकरणातला दुसरा छुपा काटा. डिझायनरचं कलेक्शन थोडं येतं आणि मधल्या मापांत जास्त येतं. पहिल्याच दिवशी मधली मापं उडतात, उरतात अगदी लहान आणि अगदी मोठी. म्हणून पंधरवड्यानं, गर्दी ओसरल्यावर जाणाऱ्या बाईला दोनच गोष्टी मिळतात: आपलं नसलेलं माप, किंवा कोणालाच नको असलेला रंग. पण विचित्र रंगाचा चांगल्या कापाचा कोट हा कधीकधी त्या कलेक्शनमधला सर्वांत खरा कपडा असतो. तो डिझायनरनं स्वतःच्या हट्टानं ठेवलेला असतो आणि विक्री खात्यानं नाइलाजानं. सवलतीच्या रॅकवर तो दिसला तर सोडू नये.

नक्कलवाल्यांचं गणित याहून सोपं आहे. दादरला हिंदमाताच्या दुकानांत 'सब्यसाची पॅटर्न' म्हणून लेहंगे विकले जातात तेव्हा विकणारा आणि घेणारी दोघंही एकमेकांना फसवत नसतात. दोघांनाही माहीत असतं की हा सुरतेचा माल आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर 'सेमी पैठणी' मागणारी बाई तर त्याहून पक्की. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तितकाच रेखीव दिसतो, आणि यंत्रमागावरच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात, हे तिनं आईबरोबर दुकानात बसून शिकलेलं असतं. दोन्हींचे भाव ती ओळखते, आणि सेमी घेताना सेमीचेच पैसे मोजते. मॉलमध्ये गेल्यावर हीच बाई कॉलरमागचं नाव वाचून कपडा उलटा करायला विसरते, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. काचेचं दार, मंद संगीत आणि हसतमुख पोरगी यांच्यासमोर पदर उलटा करणं बहुधा अप्रशस्त वाटत असावं.

2025 च्या सप्टेंबरात एचअँडएमनं अनामिका खन्नांचं कलेक्शन आणलं. सब्यसाचींसारख्या त्याही कोलकात्याच्या, त्यांचंही नाव भरतकामावर आणि परंपरेला नवा आकार देण्यावर उभं. मधल्या चार वर्षांत गिऱ्हाईक थोडं शहाणं झालं आहे. आता लोक दुकानात विचारू लागलेत, हे काम हाताचं आहे का. विक्रेत्या मुलांना बऱ्याचदा उत्तर येत नाही, कारण लेबलवर कापडाची टक्केवारी असते, धुण्याच्या सूचना असतात, ज्या देशात शिवलं त्याचं नाव असतं, टाका कोणी घातला ते नसतं. तरी विचारावं. उत्तर आलं नाही तर भरतकामाचा नग जागेवर ठेवावा आणि छापील शर्टाकडे वळावं. काकूंनी सांगितलेला तो शर्ट मी घेतला. बाह्या लांब होत्या, त्यांनी साठ रुपयांत आखडून दिल्या.